देवाचे काम आणि माणसाचा जीव
(श्री भैरवनाथ देवालयाच्या कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



आज नाथांच्या शिखरावर कळस चढला. आपल्या पिढीने पाहिलेले स्वप्न पुरे झाले. माझ्या आधी बोललेल्या मान्यवरांनी देवस्थानचा इतिहास सांगितला, खजिनदारांनी पै-पैचा हिशोब मांडला, महाराजांनी आशीर्वाद दिले. मला समितीने विचारले, "तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हणालो, "कामावर झालेल्या अपघातांवर, जखमांवर." काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मंगल दिवशी असले अभद्र कशाला, असे एकाने बोलूनही दाखविले. त्यांचे म्हणणे मी समजू शकतो. तथापि आज न बोलावे, तर उद्या मंडप उतरेल, पाहुणे आपापल्या गावी जातील आणि ही गोष्ट कायमची राहून जाईल. भक्तनिवासाचे आणि आवारभिंतीचे काम अजून व्हावयाचे आहे. म्हणून थोडा वेळ मागून घेतो.

मी वक्ता नव्हे. १९७६ साली मी मुंबईत बिगारी म्हणून घमेले उचलले. पुढे मुकादम झालो, देखरेखीच्या कामावर चढलो आणि चाळीस वर्षे बांधकामाच्या धुळीत काढून गावी परत आलो. समितीने मला बांधकाम उपसमितीत घेतले ते याच अनुभवामुळे. आणि म्हणूनच आज जी गोष्ट सांगणार आहे तिचा पहिला दोषी मी आहे.

आपणांस आठवत असेल, कळसाचा मुहूर्त प्रथम २०२४ च्या अक्षय्य तृतीयेचा धरला होता. फेब्रुवारी उजाडला तरी शिखराचा गिलावा अर्धाच झालेला. मग हॅलोजनचे दिवे लावून दिवेलागणीनंतरही काम सुरू ठेवायचे ठरले. एके दिवशी दुपारी मी परांचीखालून जात असता वर पाहिले. दुसऱ्या टप्प्यावरच्या एका फळीचे टोक आडव्या बांबूवर जेमतेम चार बोटे टेकलेले होते आणि बांधलेला सुंभ सैल पडला होता. मनात आले, मिस्त्रींना सांगावे. तेवढ्यात वाळूची गाडी आली, पावतीवरून बोलाचाली झाली, आणि मी ठरविले की उद्या सकाळी सांगू. ती सकाळ येण्याआधीच, सायंकाळी साडेसातच्या सुमारास, शेजारच्या गावचे आपले गवंडी आपलीच थापी मारलेली कोरीव कड नीट दिसावी म्हणून एक पाऊल मागे सरले. फळी उलटली. ते वीस फुटांवरून खाली आले.

वीस फूट म्हणजे दोन मजलेसुद्धा नव्हेत. पण एवढ्या उंचीवरून माणूस जमिनीवर येतो तो एका सेकंदाहून थोड्याच अधिक वेळात, आणि आदळतो तेव्हा वेग असतो ताशी एकोणचाळीस किलोमीटरच्या आसपास. सावरायला, हात धरायला, देवाचे नाव घ्यायलाही सवड मिळत नाही. त्यांच्या दोन्ही टाचांची हाडे फुटली आणि कंबरेच्या मणक्याला मार बसला.

त्यापुढे आपण जे केले तेही सांगितले पाहिजे. धावून आलेल्यांची कळकळ मोठी होती, त्याबद्दल मला शंका नाही. पण चौघांनी त्यांना हातापायांना धरून उचलले, बसते केले, पाणी पाजले आणि जीपच्या मागच्या बाकावर दुमडून बसवून तालुक्याला नेले. तेथे डॉक्टरांनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, "मणका मोडलेल्या माणसाला असे बसवतात का? आतली नस तुटली असती तर हे कायमचे अंथरुणाला खिळले असते." नाथांची कृपा म्हणा, नस वाचली. आज ते काठीच्या आधाराने चालतात. समोरच्या रांगेत बसलेले आहेत. परांचीवर मात्र ते पुन्हा चढू शकणार नाहीत.

गावात दुसऱ्या दिवशी कुजबुज सुरू झाली की नाथांचा कोप झाला. कोणी म्हणाले, पाया भरणीला काही तरी चुकले. मंडळी, नाथांवर आळ घेऊ नका. सुंभ सैल होता. तो मी पाहिला होता. जो बोलायचा तो गप्प राहिला, एवढाच त्यातला कोप. आणि दुसरे कारण म्हणजे घाई. मुहूर्त साधण्यासाठी थकलेल्या माणसाला अपुऱ्या उजेडात आपण उंचावर उभे केले. तो मुहूर्त शेवटी टळलाच. पुढचा मुहूर्त मिळाला, आणि आज तो साजराही झाला. मुहूर्त पुन्हा मिळतो, माणसाची टाच पुन्हा मिळत नाही.

ही झाली मोठी दुखापत. पण रोजच्या लहान दुखापतींचे काय? आपल्या कामावर सर्वांत जास्त जखमा झाल्या त्या पायांना. त्याचे कारण आपल्या भक्तीत आहे. श्रमदानाला आलेली माणसे वहाणा वेशीजवळ काढून ठेवीत. देवाच्या दारात वहाणा कशा घालायच्या? आणि जमिनीवर सेंटरिंगच्या फळ्या, उलटे खिळे, सळईचे तुकडे, दगडाच्या कपच्या. पहिल्या महिन्यातच पाच-सहा जणांच्या तळव्यात खिळे गेले. शेवटी आपल्या गुरवांनीच हा प्रश्न सोडविला. ते म्हणाले, "मूर्ती तर आपण चावडीशेजारच्या मांडवात हलविली आहे. तेथे अनवाणी या. येथे सध्या काम आहे, येथे जोडे घालून या. नाथ रागावणार नाहीत." त्या एका वाक्याने जे काम केले ते आमच्या दहा पाट्यांनी झाले नसते.

खिळ्याच्या जखमेची भीती गंजाची नसते, धनुर्वाताची असते. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात, धुळीत असतात, आणि खोल व अरुंद जखमेत, जेथे हवा पोचत नाही, तेथे ते वाढतात. वरून छोटे भोक दिसते म्हणून आपण हळद दाबतो, चुना लावतो, चहाची पूड भरतो. यांपैकी काही करू नये. वाहत्या पाण्याने साबण लावून जखम धुवावी, स्वच्छ कापड बांधावे आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनची चौकशी करावी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने जखम घट्ट दाबून धरावी, मधून मधून उघडून पाहू नये. मोठी वस्तू खोल रुतली असेल तर ती उपसू नये, तशीच स्थिर ठेवून डॉक्टरांकडे न्यावे.

पायांनंतर डोळे. कळीचा चुना पाण्यात विरताना किती तापतो हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. पण विरलेला चुनाही डोळ्यात गेला तर बुबुळ जाळतो, आणि सिमेंटही चुन्याच्याच जातीचे आहे. अशा वेळी डोळा चोळू नये. तूप, दूध, मध काही घालू नये. हाताशी असलेल्या स्वच्छ पाण्याने, पापण्या उघड्या धरून, निदान वीस मिनिटे सतत धुवावा आणि मगच दवाखान्याची वाट धरावी. आधी गाडी शोधण्यात जी दहा मिनिटे जातात त्यांतच नजर जाते. पाथरवटाच्या छिन्नीची उडालेली कपची हाही डोळ्याचा शत्रू. साधा चष्मा तो वाचवितो. सिमेंट ओल्या हाताने कालविणाऱ्यांची कातडी फाटते, खाज सुटते, त्याला आपण "सिमेंटने हात खाल्ले" म्हणतो. रबरी हातमोजे आणि काम सुटल्यावर स्वच्छ पाण्याने हात धुणे, एवढाच त्यावर उपाय.

आता धूळ. आपल्या मंडपाचे खांब इथल्याच काळ्या दगडाचे आहेत, पण महिरपी आणि जाळ्या राजस्थानी गुलाबी दगडाच्या आहेत. त्या दगडाची शोभा आपण सर्वांनी वाखाणली. तो वालुकाश्म आहे, त्यात गारेचा अंश भरपूर असतो. यंत्राने कोरडा कापला की त्याची इतकी बारीक धूळ उडते की ती डोळ्यांना दिसतही नाही, पण फुप्फुसात जाऊन बसते. वर्षानुवर्षे ती साठली की सिलिकोसिस होतो. त्या माणसाला दम लागतो, क्षयही लवकर जडतो, आणि या रोगावर बरे करणारे औषध नाही. राजस्थानात सिरोही जिल्ह्यात पिंडवाडा म्हणून गाव आहे. देशभरातल्या देवळांसाठी तेथे दगड कोरला जातो. तेथले कितीतरी कारागीर ऐन तारुण्यात या रोगाने गेले. राजस्थान सरकारने २०१९ साली या व अशा धुळीच्या रोगांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. देवळाच्या खांबावरच्या एकेका पाकळीमागे कोणाचा श्वास खर्ची पडतो, हे भाविकाने जाणले पाहिजे. उपाय अवघड नाहीत. पाणी सोडून ओला दगड कापावा, धूळ झाडून न काढता ओल्या फडक्याने पुसावी, आणि तोंडाला उपरणे गुंडाळण्यावर न भागविता धूळ अडविणारा मुखपट्टा वापरावा. उपरण्यातून ही बारीक धूळ सहज आत जाते.

विजेबद्दल दोन शब्द. कामावर पाणी सर्वत्र असते, आणि वायरी जमिनीवर लोळत असतात. उघड्या तारा भोकांत खोचून काडीपेटीच्या काड्या मारायच्या, ही आपली जुनी रीत. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बाजारात मिळतो. तीस मिलिअँपिअरची गळती झाली की तो सेकंदाच्या अंशात वीज बंद करतो. तो बसवावा. लांब सळई किंवा लोखंडी शिडी उभी नेताना वर अकरा हजार व्होल्टची तार आहे की नाही हे आधी पाहावे. कोणी चिकटला तर त्याला हात लावू नये, प्रथम मेन स्विच पाडावा.

पायाचा चर खणताना निघालेली माती काठावरच टाकतात. एक घनमीटर मातीचे वजन साधारण दीड टन भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोके वर असूनही श्वास घेऊ शकत नाही. माती काठापासून चांगली चार फूट दूर टाकावी, आणि माणसाच्या छातीहून खोल चराला आधार दिल्याशिवाय कोणाला आत उतरवू नये. स्लॅबच्या टेकूंचेही तसेच. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस काढावयाचे नसतात. सहा मीटरहून लांब तुळईला एकवीस दिवस लागतात. हे साध्या सिमेंटचे व किमान दिवस आहेत. सेंटरिंगचे भाडे वाचावे म्हणून चार दिवस आधी टेकू काढणारा ठेकेदार पैसे वाचवीत नाही, दुसऱ्याचा जीव पणाला लावतो.

शिडी चार फूट उंचीला एक फूट या मापाने भिंतीपासून लांब ठेवावी, वरचे टोक टप्प्याच्या तीन फूट वर यावे व बांधलेले असावे. मिक्सरजवळ साडीचा पदर, ओढणी, सैल उपरणे येऊ देऊ नये. आपल्या कामावर आलेल्या बाया तान्ह्या पोरांची झोळी परांचीच्याच वाशाला बांधीत. त्यांचा दोष नाही, सावली तेवढीच होती. पुढे समितीने चिंचेखाली पत्र्याची शेड घातली, पाण्याचा रांजण ठेवला, एका म्हातारीला मुलांकडे पाहायला बसविले. चैत्र-वैशाखाच्या उन्हात दुपारी बारा ते तीन काम बंद ठेवले. कामाचे तास सकाळी लवकर घेतले, काम कमी भरले नाही.

शिरस्त्राणाची कथा गमतीची आहे. प्रथम लोक हसले. "फेट्यावर टोप कसा घालू?" असे एका मिस्त्रींनी विचारले. एके दिवशी वरच्या टप्प्यावरून वीट सुटली आणि त्यांच्याच टोपावर आपटून दोन तुकडे झाली. त्या दिवसापासून कोणी हसले नाही. दोन-तीनशे रुपयांची ती वस्तू आहे. अमेरिकेत १९३७ साली पुरा झालेल्या गोल्डन गेट पुलाच्या कामात खाली जाळे बांधले होते, त्या जाळ्याने एकोणीस माणसे वाचविली. आपण शिखराखाली जाळे बांधले ते अपघातानंतर. बैल गेला आणि झोपा केला, अशी आपली गत. पण पुढच्या बैलांसाठी तरी झोपा हवाच.

अपघातानंतर समितीने एक साधी रीत घातली. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी मिस्त्री आणि समितीचा एक सभासद मिळून सारी परांची फिरून पाहत. गाठी, फळ्या, कठडा, वायरी, शिडी. जे सैल दिसेल ते आधी बांधायचे, मग काम. वहीत सही करायची. कोणत्याही बिगाऱ्याने "हे सैल आहे" म्हटले तर त्याला वेडावायचे नाही, काम थांबवायचे. त्या रीतीला पंधरा मिनिटे लागत. त्यानंतर कळस चढेपर्यंत एकही माणूस उंचावरून पडला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, वेळीच ही पंधरा मिनिटे काढली असती तर काय टळले असते, या खंतीने सांगतो.

आता पैशाचा विषय. त्या गवंडीदादांच्या उपचाराचा खर्च आणि आठ महिन्यांची मजुरी समितीने देवस्थानच्या निधीतून दिली. त्यावर काही देणगीदारांनी विचारले की आम्ही देवासाठी दिलेला पैसा दवाखान्याकडे का वळविला? प्रश्न विचारण्याचा त्यांना अधिकार आहे, म्हणून उत्तर देतो. ज्याच्या हातांनी शिखर उभे राहिले त्याचे पाय मोडले असता पैसा शिखरावरच्या सोनेरी पत्र्यात घालणे, हे नाथांना आवडले असते असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करावा. मला एकही हात दिसत नाही. खरे तर हा खर्च आधीपासूनच अंदाजपत्रकात असायला हवा होता. आपण मांडवाला, जेवणावळीला, वाजंत्रीला आकडा धरला, जाळ्याला आणि विम्याला धरला नाही.

बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली केंद्राने कायदा केला आणि महाराष्ट्रात २०११ साली कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. अठरा ते साठ वयाच्या, वर्षात नव्वद दिवस बांधकामावर राबलेल्या माणसाची तेथे नोंदणी होते आणि मदतीच्या योजना मिळतात. आपल्या कामावरच्या चाळीस माणसांपैकी नोंदणी होती फक्त तिघांची. गवंडीदादांची नव्हती. पडल्यावर नोंदणी करून उपयोग होत नाही. गावातल्या शिकलेल्या पोरांना माझे सांगणे आहे, आठवड्यातून एक संध्याकाळ ग्रामपंचायतीत बसा आणि या माणसांचे अर्ज भरून द्या. हेही श्रमदानच आहे.

पुढच्या कामासंबंधी एक इशारा देऊन संपवितो. देवळामागच्या जुन्या आडावर स्लॅब टाकून तेथे भाविकांना बसायला जागा करावी, अशी सूचना आली आहे. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, इंदूरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात जुन्या बारवेवर टाकलेला स्लॅब गर्दीच्या भाराने कोसळला आणि ३६ भाविक मृत्युमुखी पडले. ते होमाला बसले होते. म्हणून हात जोडून विनंती करतो, आड झाकू नका. त्याला कठडा बांधा, वर जाळी घाला, आणि काही बांधायचेच असेल तर जाणत्या अभियंत्याच्या सहीशिवाय एक वीटही ठेवू नका.

भक्तनिवासासाठी जे देणगी देणार आहेत त्यांनी समितीला चार गोष्टी विचारून मगच पावती घ्यावी. जाळे आहे का? टोप आणि जोडे सर्वांना आहेत का? मजुरांची नोंदणी झाली आहे का? आणि अपघात झाला तर १०८ क्रमांकाची गाडी येईपर्यंत माणसाला न हलविता सांभाळणारी दोन-तीन शिकवून तयार केलेली माणसे आहेत का? देणगीदाराने विचारले की समिती ऐकते, हा माझा अनुभव आहे.

सभामंडपात देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लागली आहे. तिच्याखाली थोडी जागा मोकळी आहे. तेथे या कामावर राबलेल्या गवंडी, पाथरवट, सुतार, बिगारी आणि घमेले वाहणाऱ्या बायांची नावे कोरावीत, असा ठराव मी समितीपुढे ठेवीत आहे. कोरणावळीचा खर्च मी देतो. दुपारी पाहिलेले मी संध्याकाळपर्यंत बोललो नाही, त्याची भरपाई एवढ्याने होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आपल्यापैकी कोणाला उद्या एखादी गाठ सैल दिसली, तर त्याने सकाळची वाट पाहू नये. तेथल्या तेथे ओरडून सांगावे.

 नाथ सर्वांना सुखरूप ठेवो. नाथसाहेबांच्या नावानं चांगभलं!